पुढची दिंडी, मागची दिंडी

सीएसएमटीहून रात्री दहानंतर सुटणाऱ्या पनवेल लोकलला बसायला जागा मिळते. अण्णा खिडकीशी बसले, मी समोर. माझ्या मांडीवर स्वरलिपीची काळी फाइल, त्यांच्या हातात कार्यक्रमाची पत्रिका. वडाळा गेलं तरी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

अण्णा मूळचे सातारकडचे. तरुणपणी मशीद बंदरला माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली, बाजार वाशीला आला तेव्हा तेही कोपरखैरण्याला आले. वसाहतीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, आषाढीची वारी चुकवत नाहीत. त्यांचा नातू माझा विद्यार्थी, म्हणून ते मला ‘बाई’ म्हणतात. मी वसईची. घरची भाषा मराठी, धर्म ख्रिस्ती. मुंबईतल्या एका हौशी कोरसमध्ये बरीच वर्षं अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. त्या संध्याकाळी आम्ही साठ-पासष्ट गाणारे आणि तीसेक वादक मिळून हँडेल या युरोपीय संगीतकाराच्या ‘मसाया’चा मोठा भाग गायलो होतो. अण्णा आयुष्यात पहिल्यांदाच हे संगीत ऐकायला आले होते, तेही मी चार वेळा बोलावल्यावर.

“बोला ना अण्णा. कसं वाटलं?”

“गळे तयार आहेत तुमचे. ताल पक्का. पण खोटं कशाला बोलू, मला ते देवाचं गाणं वाटलं नाही.”

मला लागलं. तरी म्हटलं, “का?”

“देवाच्या गाण्याला तिकीट? बाई, आमच्याकडे सप्ताह बसतो तेव्हा मांडवात येईल त्याला आधी जेवायला वाढतात, मग विचारतात कुठला.”

मी त्यांना डब्लिनची गोष्ट सांगितली. ‘मसाया’ पहिल्यांदा गायला गेला तो १३ एप्रिल १७४२ रोजी, आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका संगीतगृहात. गर्दी होणार म्हणून बायकांना घेरदार सांगाड्याचे झगे घालू नका आणि पुरुषांना तलवारी आणू नका, अशी आधीच विनंती केली होती. जमलेला पैसा दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या गरिबांना गेला. त्यातून १४२ कैदी सुटले. पुढे लंडनमध्ये १७५० पासून हँडेलने दरवर्षी हेच गाणं अनाथ मुलांच्या एका संस्थेसाठी केलं आणि मृत्युपत्रात त्याची प्रत त्या संस्थेच्या नावे ठेवली.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “माणूस मोठा होता. पण आज तुमच्या तिकिटाच्या पैशांत कोण सुटलं?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही. सभागृहाचं भाडं, वादकांचं मानधन, स्वरलिपीच्या प्रती यांतच सगळा पैसा संपतो, हे खरं आहे. पण ते अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

“आणि जागा,” ते म्हणाले. “देवापुढे म्हणायचं ते नाटकघरात म्हणता.”

“ही हरकत तुमच्या आधी घेऊन झालीय. डब्लिनच्या मोठ्या चर्चचा मुख्य धर्माधिकारी जोनाथन स्विफ्ट, गलिव्हरच्या सफरी लिहिणारा तोच, आपल्या चर्चचे गायक या असल्या जलशाला द्यायला आधी तयार नव्हता. १७४३ साली लंडनमध्ये हे गाणं नाट्यगृहात आलं तेव्हा वर्तमानपत्रात पत्र छापून आलं, की पवित्र ग्रंथातली वचनं नाटकाच्या जागी गाणं शोभत नाही.”

“म्हणजे त्यांच्यातही शहाणी माणसं होती.”

“आणि तुम्ही भीमसेनांची संतवाणी ऐकायला तिकीट काढून गेला होतात. तुम्हीच सांगितलंत मला.”

“गेलो होतो. पण तिथं माझ्या शेजारचा म्हातारा रडत होता आणि मागचे टाळी धरत होते. तुमच्याकडे खोकायची चोरी. दोन तास माणसं फोटोतल्यासारखी बसलेली. एकदाच काय ती उठली.”

ते ‘मसाया’तल्या ‘हालेलुया’ या कोरसच्या वेळचं म्हणत होते. आमच्याकडेही पुष्कळ श्रोते तेव्हा उभे राहतात. लंडनला राजा दुसरा जॉर्ज हे ऐकताना उठून उभा राहिला, म्हणून सगळे उठले आणि प्रथा पडली, असं सांगतात. त्या काळचा लेखी पुरावा मात्र त्याला नाही.

“तुम्हीही उभे राहिलात अण्णा. मी वरून पाहिलं.”

“आरतीला उभं राहायला राजा कशाला लागतो?” असं म्हणून ते खिडकीबाहेर पाहायला लागले. मघाशी ज्याला देवाचं गाणं म्हणायला तयार नव्हते, त्यालाच आता आरती म्हणत होते. मी ते बोलून दाखवलं नाही.

कुर्ला गेलं. मग ते कागदावर आले. हा त्यांचा खरा आक्षेप होता.

“तुम्ही सगळे कागदात बघून गाता. वाजवणारेही कागदात. कागदात बघून कुणी पांडुरंगाला हाक मारतं का? जे लिहिलंय तेच म्हणायचं, एक मुरकी इकडची तिकडे नाही. मग त्यात तुमचं काय?”

मी त्यांना कोपऱ्यातल्या की-बोर्डवालीची आठवण दिली. मुळात तिथे हार्पसिकॉर्ड हे जुनं कळवाद्य हवं. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, म्हणून की-बोर्डवर त्याचा आवाज लावतात. तिच्यापुढच्या कागदावर फक्त खालची एक सुरावट असते आणि सुरांखाली बारीक आकडे, कुठे सहा, कुठे सात, कुठे चार-तीन. डाव्या हाताने ती सुरावट धरायची, चेलो तिच्या जोडीला असतोच. उजव्या हाताने काय भरायचं, किती भरायचं, गाणारा कुठे थांबेल, कुठे त्याला वाट करून द्यायची, हे वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे ठरवायचं. इटलीत सोळाव्या शतकाच्या शेवटी ही पद्धत आली आणि पुढची दीडशे वर्षं सगळं बरोक संगीत तिच्यावर उभं राहिलं. बरोकचा काळ म्हणजे साधारण १६०० ते १७५०. आपल्या हिशेबाने शहाजीराजांच्या लहानपणापासून नानासाहेब पेशव्यांपर्यंत.

अण्णा पुढे सरकून बसले. “ही तर पेटीची साथ झाली.”

“तीच. आणि एकट्याचं गाणं असतं तेव्हा पहिला भाग शेवटी परत येतो. परत येताना गाणाऱ्याने तो सजवायचा, हरकती घ्यायच्या, हे तेव्हा गृहीतच होतं.”

“आणि पट्टी कुठली?”

पेटीवाला हे विचारणारच. मी सांगितलं की आज जगभर ज्या सुरावर वाद्यं मिळवतात तो म्हणजे आपली पांढरी सहा. जुन्या पद्धतीने, आतड्याच्या तारा लावून बरोक वाजवणारे मात्र आपली वाद्यं जवळजवळ अर्ध्या सुराने खाली मिळवतात. कागदावर पांढरी सहा लिहिलेली असते आणि कानावर काळी चार येते. अण्णांनी डोळे मिटून दोन्ही सूर मनात लावून पाहिले. डाव्या हाताची बोटं मांडीवर भात्यासारखी हलत होती.

“खाली घेतलं की गळ्याला मोकळीक मिळते,” ते म्हणाले. “आम्ही म्हाताऱ्यांसाठी तेच करतो.”

“आणि ते दोन नगारे? तुम्हाला आवडले असतील.”

“आवडले. पण वाजवणारा दीड तास मांडीवर हात ठेवून बसला होता बिचारा.”

खरंच तसं आहे. ‘मसाया’चे तीन भाग. त्यात नगारे पहिल्यांदा वाजतात ते दुसऱ्या भागाच्या शेवटी, ‘हालेलुया’त, आणि मग थेट अखेरच्या ‘आमेन’कडे जाताना. दोनच नगारे, एक ‘सा’त मिळवलेला, दुसरा ‘प’त. ‘सा’ पांढरी दोनचा. हँडेलने ते राखून ठेवले म्हणूनच ते आले की अंगावर येतात.

“सा आणि प,” अण्णा म्हणाले. “मग मला परकं का वाटलं बरं?” हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, स्वतःलाच विचारलं होतं. ज्या पेटीवर त्यांचा जन्म गेला तीही पॅरिसहून आली. अलेक्सांद्र दब्याँ नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचं पेटंट घेतलं. हाताने भाता मारायची आपली पेटी त्यातूनच पुढे झाली. तिला आज कोणी परकी म्हणत नाही. हे मी बोलले, तेव्हा ते लगेच म्हणाले, “पेटी आली ती आमचं गाणं गायला लागली. तुम्ही त्यांचं गाणं गाताय. फरक आहे.”

फरक आहे. मी मान्य केलं.

मानखुर्दनंतर गाडी खाडीच्या पुलावर येते. तिथे वारा बदलतो. अण्णा म्हणाले, “एक सांगा. ते चौघे चार दिशांना पळतात ते काय? एकाचा शब्द संपत नाही तोवर दुसरा तोच शब्द परत सुरू करतो, मग तिसरा. एकही शब्द हाती लागत नाही. देवाच्या गाण्यात शब्द कळला नाही तर काय कळलं? नामा-तुकयाचं सगळं शब्दावर आहे.”

“त्याला फ्यूग म्हणतात. एक चाल एका आवाजाने धरायची. ती पुढे गेली की दुसऱ्याने तीच चाल वेगळ्या सुरावरून उचलायची. पहिला तोवर थांबत नाही, तो पुढचं काही गातच असतो. असे चारही आवाज आले की…”

“थांबा.” अण्णांनी हात वर केला. पूल संपेपर्यंत ते बोलले नाहीत. वाशीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, “दिवे घाट.”

“काय?”

“माउलींची पालखी दिवे घाट चढते ना, तेव्हा रस्ता वळणावळणाचा. आपली दिंडी मधल्या वळणावर असते. पुढची दिंडी डोक्यावर, वरच्या वळणाला. मागची पायांखाली, खालच्या वळणाला. तिघी एकच भजन म्हणत असल्या, तरी पुढचीचा चरण वरून येतो तेव्हा आपण अलीकडच्या चरणावर असतो, आणि मागची तेव्हा कुठे तो चरण धरते. गलका म्हणाल तर गलका. पण घाटात ज्यानं ते ऐकलं त्याला कोणी सांगावं लागत नाही.” मग थोडं थांबून म्हणाले, “शब्द तिथंही कळत नाही. पण तो आम्हाला आधीपासून पाठ असतो.”

फ्यूगवर मी बरंच वाचलं आहे, वर्गात मुलांना समजावण्याचा प्रयत्नही केला आहे. दिवे घाटापेक्षा चांगला दाखला मला मिळालेला नाही. आणि त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. त्याच्याकडे परत येईन.

वाशीला उतरून आम्ही शेअर रिक्षा धरली. त्या रात्री वाद तिथेच राहिला. पुढचा भाग जानेवारीत, अण्णांच्या घरी झाला. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेले होते. त्यांनी स्वतःच विषय काढला.

“बाई, तुम्ही वसईच्या. हे गाणं तुमच्या चर्चमध्ये गातात का?”

“नाही. आमच्याकडे मिस्सा मराठीत, गीतं मराठीत. १९६३ साली रोममधल्या धर्मपरिषदेने लोकभाषेत उपासनेला मोकळीक दिली आणि लॅटिन मागे पडलं.”

“मग झालं तर. तुमच्या देवळानं जे सोडलं, ते तुम्ही नाटकघरात जपता. का?”

मी सरळ उत्तर दिलं नाही, कारण मराठीतल्या उपासनेवर माझा जीव आहे आणि तिच्या विरुद्ध एक शब्दही मला बोलायचा नव्हता. ती परंपरा आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापून निघालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. गोव्यातल्या देवळांतून ते गायलं जायचं. त्याच्या सहाच वर्षं आधी, १६१० मध्ये, व्हेनिसला मॉन्टेवेर्दीचं संध्याप्रार्थनेचं मोठं संगीत छापलं गेलं, ज्यापासून बरोक धर्मसंगीताची गोष्ट बहुतेक जण सुरू करतात. तुकोबांचा जन्म १६०८चा धरला तर ते तेव्हा पाळण्यातून नुकते उतरले होते. तीनशे वर्षांनी नारायण वामन टिळकांनी अहमदनगरकडे ख्रिस्ती मंडळीत भजन आणि कीर्तन आणलं. पंडिता रमाबाईंनी आख्खं बायबल मराठीत उतरवलं. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिलं. मी या सगळ्यांच्या अंगणात वाढले.

“हे सगळं तर माझ्या बाजूचं आहे,” अण्णा म्हणाले. “या सगळ्यांनी देवाला आपल्या भाषेत आणला.”

“हो, तुमच्याच बाजूचं आहे. पण अण्णा, त्यागराजांची कृती तमिळ माणूस तेलुगूतच गातो. ख्यालातली ब्रज आपण मराठीत करून घेत नाही. काही गाण्यांत सूर आणि शब्द एकमेकांत इतके मुरलेले असतात, की शब्द बदलला तर सूर लंगडतो. आणि कोण कुठल्या देवळातलं, याचा हिशेब वसईच्या माणसाने किती करावा? १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे. लहानपणी मला त्याचं वाईट वाटायचं. भीमाशंकरला गेले तेव्हा एका म्हातारीने ती वाजवली. ज्या कामासाठी ओतली होती, तेच काम ती करत होती.”

त्याच १७३९ च्या जानेवारीत लंडनमध्ये हँडेलचं ‘सॉल’ पहिल्यांदा झालं. बायबलमधल्या राजाची ती कथा. तिच्यासाठी त्याने लंडनच्या किल्ल्यातून तोफखान्याचे मोठे नगारे मागून आणले होते. इकडे लढाईतून घंटा देवळात आल्या, तिकडे लढाईचे नगारे धर्मकथेच्या गाण्यात गेले, एकाच वर्षी. हे अण्णांना मी सांगितलं नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

मी मग फोन काढला. त्यांच्या नातवाचा छोटा स्पीकर होता, त्याला जोडला. म्हटलं, “तुम्ही एकच जागा ऐका. तीन-चार मिनिटं.”

बाख या हँडेलच्याच काळातल्या संगीतकाराचं ‘मॅथ्यू पॅशन’ लावलं. हे येशूच्या शेवटच्या दिवसांचं आख्यान. १७२७ च्या गुड फ्रायडेला लायप्झिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ते पहिल्यांदा झालं असं अभ्यासक मानतात. दोन कोरस, दोन ऑर्केस्ट्रा. मधोमध प्रवचन, त्याच्या आधी पहिला भाग आणि नंतर दुसरा. अण्णा म्हणाले, “म्हणजे पूर्वरंग, उत्तररंग.” अगदी तसंच नाही, पण घडण कीर्तनाच्या जवळची आहे. एक कथेकरी शुभवर्तमानातली कथा जवळजवळ बोलल्यासारखी गातो. कोरस कधी शिष्य होतो, कधी ओरडणारा जमाव. मध्येच एखादा एकटा गायक कथा थांबवून मनातलं बोलतो, जसा बुवा अभंग घेतो. आणि अधूनमधून सर्वांना ठाऊक असलेली उपासनेची साधी चाल येते, तिथे श्रोत्याला आपली जागा सापडते. त्यातली एक चाल पाच वेळा येते. ती मुळात हान्स लेओ हास्लरच्या १६०१ मधल्या एका प्रेमगीताची.

“लावणीच्या चालीवर अभंग,” अण्णा म्हणाले. “आमच्याकडेही करतात, आणि म्हातारे शिव्या देतात.”

मी त्यांना सांगितलं, की येशू जेव्हा जेव्हा बोलतो तेव्हा व्हायोलिनं त्याच्या आवाजाभोवती लांब सूर धरून राहतात. कथेकऱ्याला ते नाहीत, बाकी कोणाला नाहीत, फक्त त्याला. पहिल्यापासून असंच. आता तो क्रुसावर आहे. देवाने आपल्याला का टाकलं, असं तो विचारणार आहे. तेवढं ऐका.

स्वयंपाकघरात कुकर होता, वहिनींनी तो बंद केला. कथेकऱ्याने वेळ सांगितली, अंधार सांगितला. मग येशूची हाक आली. खाली फक्त साथीचा खर्ज होता. व्हायोलिनं नव्हती.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाले, “वीणा खाली ठेवली.”

सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला लागू देत नाहीत. एक विणेकरी थकला की दुसऱ्याच्या गळ्यात घालतात, रात्री-अपरात्री पहारे लावतात, पण वीणा खाली ठेवत नाहीत. ज्याने चाळीस वर्षं असे पहारे केलेत त्याला व्हायोलिनं थांबण्याचा अर्थ मी सांगायची गरज नव्हती. येशूचा प्राण गेला, आणि त्यापाठोपाठ कोरसने ती साधी चाल पाचव्यांदा, शेवटची, अगदी खालच्या आवाजात घेतली. वहिनी दाराशी उभ्या होत्या. भाषा जर्मन. तिघांपैकी कोणालाही येत नव्हती.

“पण तुम्ही आधी सांगितलंत म्हणून,” अण्णा बऱ्याच वेळाने म्हणाले. “न सांगता लावलं असतं तर मी चहा पीत बसलो असतो. त्या रात्री सभागृहात मला कुणी सांगितलं? हातात कागद दिला तो इंग्रजी, आणि दिवे घालवले.”

या मुद्द्यावर मी पूर्ण हरले आणि हरल्याचं मला बरं वाटलं. दिवे घाटात शब्द कळत नाही तरी चालतं, कारण तो आधीच पाठ असतो. लायप्झिगच्या माणसाला बायबल पाठ होतं. डब्लिनमध्येही गाण्याचे शब्द आधी छापून विकले होते. आम्ही मात्र कोपरखैरण्याच्या माणसाला दोन तास अंधारात बसवतो आणि त्याने गहिवरावं अशी अपेक्षा करतो. ‘मसाया’तला जवळजवळ प्रत्येक शब्द बायबलमधला आहे, चार्ल्स जेनन्सने तो निवडून जोडला. मराठीत बायबल दोनशे वर्षांपासून आहे. अर्थ शोधायला आम्हाला कपाटापर्यंतही जावं लागलं नसतं. तरी आम्ही तो कधी दिला नाही.

मात्र एका बाबतीत मी अण्णांचं ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, हे मोठ्या लोकांचं, नरिमन पॉइंटचं गाणं आहे, खाडीच्या अलीकडे ते रुजायचं नाही. मुंबईत या संगीताचा इतिहास दक्षिण मुंबईतला आहे हे खरं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी उभी केली, १९५६ मध्ये व्हिक्टर परंज्योतींनी कोरस काढला आणि ते गेल्यावर कूमी वाडियांनी तो कित्येक दशकं चालवला. २००६ मध्ये एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आला. पण कोरसचं गाणं हे मुळात सामान्य गळ्यांचं गाणं आहे. बाखचं ‘मॅथ्यू पॅशन’ त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षं लायप्झिगबाहेर कोणी ऐकलं नव्हतं. १८२९ मध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सननं बर्लिनमध्ये ते पुन्हा उभं केलं, ते हौशी गायकांच्या मंडळाकडून. राजाच्या दरबारातले गवई नव्हते ते. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी तालमीला येणारी माणसं होती.

आमच्या तालमीला अण्णा फेब्रुवारीत एकदा आले. कागद उडतात म्हणून पंखे बंद. अंगावर घामाच्या धारा. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल, कारण लांब ताना येतात तिथे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर सूर तुटतो. म्हणून शेजाऱ्याने कुठे घेतला ते पाहून आपण दुसरीकडे घ्यायचा आणि ती जागा कागदावर खुणेने लिहायची. त्यातून गाणं असं येतं की जणू साठ माणसांना श्वास लागतच नाही. अण्णा मागे बसून होते. दिग्दर्शकांनी एकच ओळ अकरा वेळा घेतली. बाराव्या वेळी ती बसली. अण्णांनी नकळत हाताने सम दिली.

बाहेर आल्यावर म्हणाले, “कागदाचं मी बोललो होतो. तो पाठांतरासाठी नाही, एकमेकांना सांभाळायला आहे. दिंडीत टाळकरी शेजाऱ्याच्या पावलाकडे बघतो, तसा.”

आणि मग, “तुमच्याकडे खर्ज कमी आहे. चारच माणसं दिसली खालच्या सुराला.”

“चारच आहेत. मिळत नाहीत.”

“आमच्या मंडळात दहा जण आहेत. पोती मोजताना हाळी देऊन देऊन गळे तयार झालेले.”

तिकिटावर त्यांचं मत बदललेलं नाही. पुढच्या वेळी ते तिकीट काढणार नाहीत. दाराशी उभे राहून मराठी अर्थाचा कागद वाटणार आहेत. तो कागद आम्ही दोघांनी लिहायला घेतला आहे. वहिनी वाचून पाहतात आणि जिथे अडतात तिथे आम्ही शब्द बदलतो.

वाशी, कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ, बेलापूर इथल्या भजनी मंडळांना माझी विनंती आहे. तालीम खाडीच्या अलीकडे घ्यायची आमची तयारी आहे. एक मोठी खोली, एक की-बोर्ड आणि बंद करता येतील असे पंखे, एवढंच लागतं. स्वरलिपी वाचता येत नसेल तर ती सहा महिन्यांत येते, मी शिकवते. फी नाही. धर्म कोणी विचारत नाही. ज्यांना ‘सा’ लावता येतो आणि शेजाऱ्याचा सूर ऐकू येतो, त्यांनी यावं. पुरुषांनी जरूर यावं. बास अजून चारच आहेत.